विश्लेषण : एमबीबीएसचा विद्यार्थी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात का दिसत नाही?

गोराई दोन आहेत. एक बोरिवली पश्चिमेला, खाडीच्या अलीकडचे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८०च्या दशकात आखलेल्या छोट्या भूखंडांचे, बैठ्या घरांचे आणि ‘आरएससी’ क्रमांकाच्या रस्त्यांचे. दुसरे खाडीपलीकडचे जुने गाव, ईस्ट इंडियन आणि कोळी कुटुंबांचे. तिथे जायचे तर बोट, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा. पावसाळ्यात हवा बिघडली की बोटीचाही भरवसा नाही.

दोन्ही गोराईंत ताप आला, खोकला लांबला, आजीला चक्कर आली की माणूस आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो. एका गाळ्यात दवाखाना, बाहेर बाकडे, आत पडद्यामागे तपासणीचे टेबल. पालिकेचे मोठे रुग्णालय, ‘स्पेशालिस्ट’, स्कॅन हे सगळे नंतरचे. आपल्यापैकी बहुतेकांची वैद्यकशास्त्राशी ओळख अशाच गाळ्यात झालेली असते.

पण जो विद्यार्थी उद्या डॉक्टर होणार आहे, तो साडेचार वर्षांचे एमबीबीएस आणि एक वर्षाची इंटर्नशिप या काळात अशा दवाखान्यात एक दिवसही न बसता पदवी घेऊ शकतो. नियमात त्याला कुठेही अडथळा नाही. हे असे का आहे, बदलण्याचे काय प्रयत्न झाले आणि गोराईसारख्या ठिकाणी काय करता येईल, हे समजून घेऊ.

हजार माणसांचा हिशोब काय सांगतो?

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ६० वर्षांहून जुना आहे. केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधील माहितीवरून एक साधा हिशोब मांडला. एका महिन्यात १,००० प्रौढ माणसे घेतली तर त्यातील ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते. आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो १.

२००१ मध्ये हाच हिशोब अमेरिकेत नव्याने झाला. चाळीस वर्षांत औषधे बदलली, यंत्रे बदलली. पण महाविद्यालयीन रुग्णालयात दाखल होणारा माणूस हजारात एकापेक्षाही कमीच निघाला.

म्हणजे विद्यार्थी वैद्यकशास्त्र शिकतो ते मुख्यत्वे त्या ‘एका’ रुग्णावर. दवाखान्यात जाणारे २५० जण त्याला दिसत नाहीत. मी अभियांत्रिकी शिकलो असल्याने मला हे सरळ सॅम्पलिंगच्या चुकीसारखे दिसते. वर्कशॉपमध्ये फक्त जळालेल्या मोटारी दाखवून कोणी चालू मोटारीची देखभाल शिकवत नाही. आपल्याकडचे आकडे अर्थातच वेगळे असतील. परळ किंवा सायनच्या ओपीडीत साधा सर्दी-खोकलाही येतो, कारण तिथे उपचार स्वस्त आहेत. तरीही वॉर्डातल्या खाटेवर जो पोहोचतो तो बऱ्याच चाळण्यांतून गेलेला असतो. आजार पूर्ण रंगात आलेला, तपासण्यांची फाइल जाड झालेली. पहिल्या दिवशीचा, अर्धवट, काहीच न सांगणारा ताप तिथे क्वचितच दिसतो.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते का?

आले होते, आणि तेही स्वातंत्र्याच्या आधी. भारताच्या आरोग्य व्यवस्थेचा पाया मानल्या जाणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. त्यांच्या समितीने १९४६च्या अहवालात वैद्यकीय शिक्षणात मोठा बदल सुचवला. डॉक्टर समाजाचा असावा, आजार होण्याआधी तो लोकांपर्यंत पोचावा आणि त्यासाठी प्रशिक्षणात तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाला द्यावेत, अशी ती कल्पना होती. त्यातून महाविद्यालयांत ‘पीएसएम’, म्हणजे आजचा कम्युनिटी मेडिसिन विभाग, उभा राहिला.

विभाग उभा राहिला, पण विद्यार्थ्यांमध्ये त्याची प्रतिष्ठा काय, हे कोणत्याही एमबीबीएसवाल्या मित्राला विचारून पाहा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचायचा विषय, असेच उत्तर बहुधा मिळेल.

महाराष्ट्रात याला एक ठळक अपवाद आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथे नव्या तुकडीला आधी आश्रमात १५ दिवसांचे शिबिर असते. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षी विद्यार्थी त्या गावात मुक्काम करतात, प्रत्येकाला काही कुटुंबे नेमून दिली जातात आणि पुढच्या वर्षांत त्याच कुटुंबांकडे तो पुन्हा पुन्हा जातो. यातला ‘पुन्हा पुन्हा’ हा भाग मोलाचा. पहिल्या भेटीत माणूस वजन-उंची मोजू देतो. घरात दारू कोण पितो, सुनेला मूल का होत नाही, हे तो चौथ्या-पाचव्या भेटीत सांगतो.

आता देशभर ‘कुटुंब दत्तक’ सक्तीचे आहे ना?

आहे. सेवाग्रामच्या पद्धतीशी बरेच साम्य असलेली ही योजना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये देशभर लागू केली. तिचे नाव ‘फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्राम’. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान ३, शक्यतो ५ कुटुंबे दत्तक घ्यायची. पहिल्या वर्षी ९ भेटी, दुसऱ्या टप्प्यात १०, तिसऱ्या टप्प्यात ७. एकूण २६ भेटी आणि ७८ तास. कुटुंबाची माहिती घेणे, रक्तदाब-साखर-हिमोग्लोबिन पाहणे, लसीकरण तपासणे, गरज पडल्यास महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवणे, अशी कामे आहेत.

कागदावर हे चांगलेच आहे. भीती एवढीच की २६ भेटींच्या २६ सह्या होतील आणि गोष्ट तिथेच थांबेल. अभियांत्रिकीला आमच्या ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ होत असत. बसमधून कारखान्यात जायचे, गेटवर फोटो, आत वीस मिनिटांचा फेरफटका, वेफर्स आणि परतताना सगळ्यांचा एकच अहवाल. त्या कारखान्यात काय तयार होत होते, हे आज मला सांगता येणार नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. या योजनेत विद्यार्थ्याचा मार्गदर्शक महाविद्यालयातलाच, म्हणजे सहायक प्राध्यापक किंवा वरिष्ठ निवासी डॉक्टर. सोबतीला आशा सेविका, आरोग्य कर्मचारी. त्या कुटुंबाला जो डॉक्टर वीस वर्षे ओळखतो तो या चित्रात नाही. विद्यार्थी ‘केस’ म्हणून ज्या घरात जातो, त्या घराची अर्धी गोष्ट नाक्यावरच्या दवाखान्यात पडलेली असते आणि तिथे त्याला कोणी नेत नाही.

मुंबईतले विद्यार्थी मग कुठे जातात?

मुंबईतल्या जुन्या महाविद्यालयांची वस्त्यांमध्ये स्वतःची आरोग्य केंद्रे आहेत. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे केईएमचे केंद्र मालाडच्या मालवणीत आहे. सायनच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे धारावीत. जे. जे. रुग्णालयाशी जोडलेल्या ग्रँट महाविद्यालयाचे वांद्र्यात. पश्चिम उपनगरात कूपर रुग्णालयाशी जोडलेले पालिकेचे महाविद्यालयही २०१५ पासून आहे. इंटर्नशिपच्या २०२१च्या नियमांनुसार इंटर्नला १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनमध्ये काढावे लागतात. त्यातला काही काळ अशा केंद्रांवर जातो.

योगायोग असा की मालवणी, चारकोप आणि गोराई या तिन्ही वसाहती जागतिक बँकेच्या एकाच प्रकल्पातल्या. मालवणीला महाविद्यालयाचे केंद्र मिळाले. गोराईला ते नाही. इथला भार खासगी दवाखाने, पालिकेचे दवाखाने आणि बोरिवली-कांदिवलीची पालिका रुग्णालये उचलतात.

शिवाय महाविद्यालयाचे केंद्र आणि फॅमिली डॉक्टरचा दवाखाना यांत फरक आहे. केंद्रात इंटर्न बदलतात, निवासी डॉक्टर बदलतात. रुग्णाला प्रत्येक वेळी नवा चेहरा. दवाखान्यात माणूस बदलत नाही. ज्या मुलाचे गोवराचे इंजेक्शन दिले, त्याच्या मुलाला आता तेच डॉक्टर तपासतात.

दवाखान्यात असे काय शिकता येते, जे वॉर्डात येत नाही?

समजा, जुलैतली एक संध्याकाळ आहे. गोराई दोनमधल्या एखाद्या दवाखान्यात तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी डॉक्टरांच्या शेजारी स्टूलवर बसली आहे. बाहेर दहाबारा माणसे.

पहिला तरुण, दोन दिवसांचा ताप. वॉर्डात तिने डेंग्यू पाहिलाय, लेप्टो पाहिलाय, आणि तोही प्लेटलेट उतरलेला, डोळे पिवळे झालेला. त्यामुळे तिच्या डोक्यात लगेच पाच तपासण्यांची यादी तयार. डॉक्टर आधी विचारतात, पाण्यातून चालत गेला होता का? पायाला जखम होती का? घरात अजून कोणाला ताप आहे? गेल्या आठवड्यात त्याच गल्लीतून कोण आले होते, हे त्यांना आठवते. तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळी घ्यावी, असे पालिका दर पावसाळ्यात सांगते. ती गोळी द्यायची की नाही हे ठरते याच टेबलावर. आणि आज काहीच न करता परवा पुन्हा बोलवायचे, हाही एक उपचार असतो. तो पाठ्यपुस्तकात असला तरी अंगात भिनतो दवाखान्यातच. वॉर्डात ‘परवा या’ म्हणायची सोयच नसते.

दुसऱ्या काकू रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या आहेत. बीपी बरे आहे, चिठ्ठी झाली, पैसे दिले. पडदा बाजूला करता करता म्हणतात, ‘आणि हो डॉक्टर, हल्ली झोपच येत नाही.’ खरे दुखणे बहुतेक वेळा हे असते, दारात उभे राहून सांगितलेले. काकूंचा मुलगा गेल्या महिन्यात नोकरीवरून घरी बसलाय, हे डॉक्टरांना माहीत असते. मुलीला माहीत नसते. ती फक्त पाहते की डॉक्टरांनी पुढचा नंबर थांबवला आणि काकूंना परत बसायला सांगितले.

तिसरा रिक्षाचालक. खोकला दोन आठवड्यांच्या वर. आधी दोन ठिकाणी सिरप घेऊन झाले. इथे क्षयाचा संशय घ्यायचा की अजून एक सिरप द्यायचे? २०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. पण नोंदीआधीचे काम अवघड असते. थुंकीची तपासणी कुठे मोफत होते, तिथे जायला त्याची दिवसाची कमाई बुडेल का, घरी लहान मूल आहे का, आणि सर्वात नाजूक म्हणजे हे शब्द त्याच्या बायकोसमोर उच्चारायचे का.

मग एक आजोबा, हातात पिशवी. पिशवीत तीन ‘स्पेशालिस्टां’च्या तीन फाइल्स आणि गोळ्यांची पाकिटे. त्यांत एकच औषध दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनी, दोन्ही रोज चालू. हृदयवाल्याने हृदय पाहिले, मूत्रपिंडवाल्याने मूत्रपिंड. पिशवी ओतून सगळी पाकिटे टेबलावर मांडणारा माणूस एकच असतो. विद्यार्थिनीला पाकिटे लावायला सांगितली तर फार्माकॉलॉजीचा एक धडा तिथेच होईल.

खाडीपलीकडच्या गावातून आलेली मावशी शेवटी. मधुमेह जुना आहे. अनवाणी फिरायची सवय. पायाच्या बोटात भेग पडली आहे, दुखत नाही म्हणून दुर्लक्ष. ‘दुखत नाही’ हीच धोक्याची खूण. तिला रोज ड्रेसिंगला या असे सांगणे सोपे आहे, पण त्यासाठी रोज बोटीने ये-जा करावी लागेल. मग ड्रेसिंग घरी कोण करेल, हे ठरवावे लागते. रुग्णालयातल्या केस-शीटवर बोटीसाठी रकाना नसतो.

दवाखाना म्हणजे फक्त साधे आजार?

हा गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये मोठा आहे. त्यावर महाडचे उदाहरण पुरेसे आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७०च्या दशकात रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती. ती शहरातल्या महाविद्यालयापर्यंत पोहोचतच नव्हती, त्यामुळे तिथल्या प्राध्यापकांना तो प्रश्न फारसा दिसत नव्हता. रुग्णांच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींतून त्यांनी हृदयावर होणारा परिणाम ओळखला, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले आणि प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्याला संशोधन करायचे असेल तर परळलाच थांबले पाहिजे असे नाही.

परदेशात हे कसे चालते?

ब्रिटनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण ‘जीपी’च्या दवाखान्यात होणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि शिकवणाऱ्या दवाखान्याला त्याचा मोबदला मिळतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने १९७१ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. त्यात तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी तब्बल नऊ महिने ग्रामीण भागात तिथल्या डॉक्टरांबरोबर काम करतात. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये अशीच वाट धरली. या दोन्ही कार्यक्रमांमागे हेतू व्यवहारी होता. ग्रामीण भागाला डॉक्टर हवे होते, आणि विद्यार्थ्याने जे पाहिलेच नाही ते तो निवडेल कसे?

आपल्याकडे अडते कुठे?

पहिली अडचण वेळेची. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये ६७ देशांतील माहितीचा आढावा आला. डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो? बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. भारताचा आकडा साधारण दोन मिनिटांचा. दोन मिनिटांत रुग्ण पाहायचा, चिठ्ठी लिहायची आणि वर शिकवायचे? विद्यार्थी बसला की रांग लांबणार. खासगी दवाखान्यात रांग लांबली की रुग्ण पुढच्या गाळ्यात जातो. गाळ्याचे भाडे मात्र तेच राहते.

दुसरी अडचण संमतीची, आणि ती मला सर्वात खरी वाटते. पालिका रुग्णालयात खाटेभोवती दहा विद्यार्थी उभे राहतात, गरीब रुग्ण काही बोलत नाही. दवाखान्यात पैसे देऊन आलेली बाई अनोळखी मुलासमोर पोटाचे दुखणे सांगेल का? सांगू नये, असेही तिला वाटू शकते आणि तो तिचा हक्क आहे. शिवाय विद्यार्थी त्याच वस्तीतला असेल तर गोष्ट दुसऱ्या दिवशी नाक्यावर जायची भीती. बाहेर ‘आज विद्यार्थी डॉक्टर बसले आहेत, नको असल्यास सांगा’ अशी पाटी आणि विचारल्यावर विद्यार्थ्याने निमूट बाहेर जाणे, इतके तरी हवेच.

तिसरी अडचण पदवीची. उपनगरांतले अनेक फॅमिली डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने त्यांच्या हाताखाली शिकावे हे कोणतीही अ‍ॅलोपॅथी संघटना मान्य करणार नाही. होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रम करून अ‍ॅलोपॅथी औषधे लिहिण्याची मुभा देणारा बदल महाराष्ट्रात २०१४ मध्ये झाला. त्यावरचा वाद २०२५ मध्येही पेटलेलाच होता. त्यामुळे मार्गदर्शक म्हणून एमबीबीएस किंवा कौटुंबिक वैद्यकातील पदव्युत्तर डॉक्टरच निवडावे लागतील, आणि जुने एमबीबीएस दवाखाने तर कमी होत चालल्यासारखे दिसतात. आजचा एमबीबीएस पदवीधर गाळा भाड्याने घेत नाही, तो नीट पीजीच्या क्लासला जातो.

हे दुष्टचक्र आहे. विद्यार्थ्याला दवाखाना दिसत नाही म्हणून तो तिकडे जात नाही, तो जात नाही म्हणून पुढच्या विद्यार्थ्याला शिकवायला तिथे कोणी उरत नाही. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कौटुंबिक वैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. पण वयाच्या तेविसाव्या वर्षी जी शाखा कधी पाहिलीच नाही, तिची जागा कोण मागणार?

नवा नियम आल्याशिवाय काहीच होणार नाही का?

तसे नाही. एक छोटी खिडकी नियमांतच उघडलेली आहे, फक्त तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. २०१९च्या पदवी शिक्षण नियमावलीत ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायच्या विषयासाठी दोन टप्पे ठेवले होते. दुसऱ्या टप्प्यात क्लिनिकल विभागांसोबत ग्रामीण किंवा शहरी सामुदायिक दवाखान्यात देखरेखीखाली अनुभव घेण्याचा पर्यायही होता. पुढे इलेक्टिव्हचा एकूण काळ कमी झाला, पण विद्यार्थ्याला निवड आहे. बहुतेक जण ती कार्डिओलॉजी, रेडिओलॉजी किंवा आयसीयूसाठी वापरतात, कारण महाविद्यालयाच्या यादीत तेच असते.

एखाद्या मुंबईच्या महाविद्यालयाने बोरिवली-गोराई पट्ट्यातले चार-पाच एमबीबीएस दवाखाने त्या यादीत घातले तर खर्च फारसा नाही. एका वेळी एकच विद्यार्थी, आठवड्यातून ठरावीक संध्याकाळी, जेव्हा गर्दी कमी असते. त्या डॉक्टरला मानद शिक्षक म्हणून नाव आणि थोडे मानधन. मुंबईत जनरल प्रॅक्टिशनर्सच्या संघटना आहेत. त्या आपल्या सदस्यांसाठी नियमित व्याख्याने घेतात, म्हणजे शिकवण्याची सवय असलेले लोक तिथे सापडतील. आणि दत्तक कुटुंबांच्या २६ भेटींपैकी दोन भेटी त्या कुटुंबाच्या डॉक्टरबरोबर, त्यांच्या संमतीने, करता आल्या तर ७८ तासांतला एकही तास वाढवावा लागणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहारी सूचना. हे सगळे होईपर्यंत थांबायची गरज नाही. सुट्टीत आपल्या लहानपणीच्या डॉक्टरकडे जाऊन ‘सर, एक आठवडा बाजूला बसू का?’ असे विचारता येते. डॉक्टर बहुधा आधी हसतील आणि मग आतून एक स्टूल मागवतील. रुग्णांची नावे वहीत लिहू नका, फोन बाहेर ठेवा. आणि खाडीपलीकडच्या दवाखान्यात बसणार असाल तर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून घ्या.